बिनविरोध, पण म्हावऱ्याशिवाय

माझ्या आईनं म्हावरं, म्हणजे मासे खाणं, सोडलं ते कुठल्या बुवा-महाराजाच्या नादानं नव्हे, काकीवरच्या रागानं सोडलं. राग आमच्या घरात वारसाहक्कानं येतो. मलाही भरपूर आलाय, तेव्हा सांगताना मधेच माझा आवाज चढला तर समजून घ्या. आणि हे मी लिहितेय असं आईला कळलं तर ती आजही आधी भांडी आपटेल, मग तोंड उघडेल.

माझं माहेर पेणच्या खारेपाटात, खाडीला लागून. आई लग्न होऊन आली ती मिठागरावरच राबली. मला दिली रोह्याला. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टमध्ये. माहेरी आई, भाऊ, वहिनी, आणि भिंतीला भिंत लावून काका-काकी. काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. दोघींचं भांडण माझ्या जन्माच्या आधीचं. कशावरून सुरू झालं ते दोघींनाही आठवत नाही, पण चालू ठेवायला दोघी कधी विसरत नाहीत.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वाडीची जागा बायकांसाठी राखीव निघाली. आईनं अर्ज भरला. आई भरते म्हटल्यावर काकीनंही भरला. आईचं कारण साधं होतं. आमची वाडी नळाच्या लाइनीच्या शेवटाला. वरच्या आळ्यांची पिंपं भरून झाली की उरलंसुरलं पाणी आमच्याकडं, तेही आलं तर आलं. आई कितीदा तरी पंचायतीत सांगायला गेली. आत मीटिंग चालू असायची आणि ही बाहेर पायरीवर बसायची. "बस गो जरा, बोलवतो," म्हणायचे आणि बोलवायचं विसरायचे. एकदा कंटाळून ती आत गेली आणि एका रिकाम्या खुर्चीवर टेकली, तर तिला उठवलं. म्हणे, ही सदस्यांची खुर्ची आहे. ते तिला फार लागलं. मला सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. माझ्या आईचा आवाज मी तोवर कधी बारीक ऐकला नव्हता. मग नाक पुसून म्हणाली, "सदस्यांची हाय ना? मग सदस्यच होते मी."

आता एका घरातल्या दोघी जावा समोरासमोर म्हटल्यावर गावाला फुकटचा तमाशा. तो होऊ नये म्हणून माघारीच्या आदल्या दिवशी जाणत्या मंडळींनी दोघींना देवीच्या देवळात बोलावलं. मधे नारळ ठेवला. या खेपेला थोरली, पुढच्या खेपेला धाकटी, असं ठरलं. काकीनं नारळाला हात लावून शब्द दिला. पण गप उठेल तर ती काकी कसली! पदर सारखा करता करता म्हणाली, "तुजं बरं हाय जाऊबाय. आता खुर्चीत बसशील नि रोज जिताडा झोडशील."

जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला माशांचा राजा. घरी जावई आला, नाहीतर साहेब आला, की जिताडा. आणि खाण्यावरून कुणी बोललेलं आईला मुळीच सोसत नाही. तिनं तिथल्या तिथं देवीपुढं हात केला आणि गरजली, "जिताडा? अगो, त्या खुर्चीत बसेपरत मी म्हावऱ्याला शिवनार नाय! जिताडा सोड, सुकटीचा तुकडा पन नाय! देवीची आन हाय!"

खाडीकाठच्या बाईनं म्हावरं सोडायचं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं तान्ह्या पोराला दात आले की बोईटाचा काटा काढून भरवतात. पण आईच्या हिशेबानं हे सगळं आठ-पंधरा दिवसांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी काकीनं माघार घेतली आणि आमच्या वाडीची जागा बिनविरोध जाहीर झाली. ढोल वाजला, गुलाल उडाला. आई लाल तोंडानं घरोघर पाया पडून आली, काकीच्या सोडून. बाकीच्या वाड्यांचं मतदान व्हायचं होतं. ते झालं की सगळ्यांना दाखले एकदम देऊ, आणि मग पहिली मीटिंग, असं साहेबांनी सांगितलं. त्याच आठवड्यात कोरोना आला आणि देश बंद झाला.

बातमी आली, निवडणूक आहे तिथंच थांबवली. आई म्हणाली, "थांबूदे. मी तर आले ना निवडून?" आणि वालाचं बिरडं रांधायला घेतलं.

त्या वर्षासारखं म्हावरं आमच्या गावानं कधी खाल्लं नसेल. बाजार बंद, गाड्या बंद, पेणला न्यायची सोय नाही. मग खाडीतून निघेल ते घरातच. कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, आणि साहेबांच्या ताटात जाणारे जिताडे आमच्या गावातली पोरं नाश्त्याला खात होती. गावभर कालवणाचा वास, आणि त्यात माझी आई बिरडं-भात घेऊन भिंतीकडं तोंड करून जेवायची. काकी मुद्दाम मागचं दार उघडं ठेवून तळायची. वहिनी मला फोनवर रडत सांगायची, "ताई, त्या खात नाहीत त्याचं काय नाय. पन आमाला खाताना बघत बसतात!"

वाटा आम्ही शोधल्या. मी म्हटलं, आये, अंडं खा. खाल्लं, पण मन भरेना. माझ्या नवऱ्यानं डोकं चालवलं. "आई, सुकट म्हणजे सुकलेलं. ते काय म्हावऱ्यात धरायचं नाही." आई म्हणाली, "जावईबापू, देवी काय खुळी हाय? मी सुकटीचं नाव घेऊन बोलले." मी म्हटलं, मग देवीलाच सांग ना, मोकळं कर म्हणून. तर माझ्यावरच उसळली, "देवीनं तिचं काम केलं! मला बिनविरोध करून दिलं. आता तुमच्या सरकारनं खुर्ची अडवली त्यात देवीचा काय दोष?"

पाऊस गेला, भात कापलं, आणि मग दुसरी बातमी आली. ती अर्धी राहिलेली निवडणूक अख्खीच रद्द. आता सगळं पहिल्यापासून, नवे अर्ज, नवी माघार. तोवर पंचायतीवर प्रशासक नेमलेला. त्याच्याकडं बरीच गावं होती, तो एकदा येऊन गेला म्हणतात. आमच्या वाडीत ना तो आला ना पाणी.

आईचा फोन आला. "अक्षता पडल्या, आता म्हनतात लगीन झालंच नाय! ह्याला काय कोर्ट-कचेरी हाय का नाय?"

तर पेणला एक वकील गाठला. दुसऱ्या एका तालुक्यातली अशीच बिनविरोध मंडळी हायकोर्टात गेल्याचं त्यांच्या कानावर होतं. मी रोह्याहून गेले, भाऊ आईला घेऊन आला. वकिलांच्या तोंडाला मास्क, त्यावर काचेचा पडदा, हातात मोजे, डोक्याला टोपी. आईनं दारातूनच विचारलं, "ह्यो वकील हाय का मध काढनारा?"

"या आजी, बसा," वकील म्हणाले.

"आजी कोनाची? मी सदस्य हाय."

"त्याचाच तर वाद आहे," वकील म्हणाले, आणि माणूस मला तिथंच आवडला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. समोर कुणी उरलंच नाही म्हणजे तुमची निवड पुरी झाली, ती कुणाला मोडता येणार नाही, असं आपण म्हणायचं. सरकार म्हणेल, दाखला नाही, मीटिंग नाही, गावाचं मतदान नाही, मग निवड पुरी कशी? मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला यात घाई नेमकी कशाची आहे? कोर्टाला सांगावं लागेल." आईनं पाण्याचं सांगितलं, पायरीचं सांगितलं, आणि शेवटी म्हावऱ्याचं सांगितलं. वकिलांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "पाण्याचं लिहितो," म्हणाले.

सुनावणी मोबाइलवर होणार होती. गावात रेंज नाही, म्हणून आई आदल्या दिवशी माझ्याकडं रोह्याला आली. वकिलांनी चार वेळा बजावलं होतं, लिंक पाठवतो, नुसतं बघा, आवाज बंद ठेवा. सकाळी आई लग्नातलं नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवला. गॅसवर वाल शिजत होते. पडद्यावर नवं तोंड आलं की आई हात जोडायची. वकील आले, हात जोडले. टायपिस्ट आली, हात जोडले. मधे नेट गेलं नि गोल चक्र फिरायला लागलं, तिनं त्यालाही हात जोडले.

आमचा नंबर आला. इंग्रजीतून काहीतरी चाललं होतं. आईला न्यायमूर्ती नीट दिसेनात, म्हणून तिनं पदरानं काच पुसली. त्या पुसण्यात कुठलं बटण दाबलं गेलं ते देवीला ठाऊक. तेवढ्यात माझा नवरा रात्रपाळी करून घरात शिरला. दारातूनच ओरडला, "पाणी काढलंस का आंघोळीचं? आणि परत वालच का गं? माणूस हाय मी का बैल?"

पडद्यावरची सगळी तोंडं एकदम वर झाली. एका न्यायमूर्तींनी मराठीत विचारलं, "हे कोण बोलतंय?"

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. पण आईला वाटलं, आता आपल्याला बोलायला सांगितलं. ती मोबाइलवर वाकली. "जावई हाय साहेब. कंपनीतनं आलाय, भुकेला हाय. त्याचं मनावर घेऊ नका. पन तुमीच सांगा, मी निवडून आले का नाय आले? आले म्हना नायतर नाय म्हना, पन मला मोकळी करा." कुकरनं तेवढ्यात शिट्टी दिली. न्यायमूर्ती हसल्यासारखे वाटले, आणि पुढच्या क्षणी आम्हाला कुणीतरी बाहेर काढलं. नवरा मोरीत जाऊन बसला तो दुपारपर्यंत बाहेर येईना.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. अर्ज फेटाळला. अख्ख्या गावाची निवडणूक नव्यानं व्हायची आहे, त्यातली एक जागा जुनी कशी ठेवणार? उभं राहायला तुम्हाला कुणी अडवलं नाही, पुन्हा उभ्या राहा. "आणि आंघोळीच्या पाण्यामुळे फेटाळलं नाही, हे जावईबापूंना सांगा," एवढं त्यांनी मुद्दाम सांगितलं. भला माणूस.

आईनं ऐकून घेतलं. उठली, ताटं घासायला घेतली, आणि एकही भांडं आपटलं नाही. मी तशी कुणाला भीत नाही, पण त्या रात्रभर माझा डोळा लागला नाही. मला सरकारचा राग आला, कोरोनाचा राग आला, आणि म्हातारपणी हिला हे कुणी सांगितलं होतं म्हणून आईचाही आला.

नव्या अर्जांची तारीख लागली आणि काकी तयार! पेणला जाऊन पहिला अर्ज तिचा. जाणत्यांनी पुन्हा देवळात बोलावलं, या खेपेला मीही आईबरोबर गेले. त्यांनी नारळाची आठवण दिली. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "निवडनूक रद्द झाली का नाय? मोठ्या कोर्टानं सांगितलं का नाय? मग त्यातली माजी माघार बी रद्द! नारळ त्या निवडनुकीचा होता, ह्या निवडनुकीचा नाय."

आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "चुकलं गो. वकील हिला करायला पायजे होती."

मग काय, लढत. आईला चिन्ह मिळालं शिट्टी. आता मास्क लावून शिट्टी वाजवायची कशी? पोरं मास्क खाली ओढून शिट्टी फुंकायची, हवालदार दिसला की वर ओढायची. काकीला कपबशी. काकीनं वाडीभर चहा पाजला. आईकडं पाजायला काही नव्हतं. ती दारोदार जाऊन फक्त पाण्याचं बोलायची. पण भाषण कुणी ऐकतच नव्हतं. दारात गेली की बाया तिच्या गालाची हाडं बघायच्या आणि हळहळायच्या, "आगो बाय, केवडी वाळलीस गो!" शेवटी पोरांनीच घोषणा काढली, "शिट्टी मारा दणक्यात, जिताडा पडू दे ताटात!" पाण्याचा प्रश्न राहिला बाजूला. म्हातारीला म्हावरं खाऊ द्या, या एकाच मुद्द्यावर आमच्या वाडीत निवडणूक झाली. आई चिडली, "मी काय भिकारीन हाय?" पण नाही कुणाला म्हणाली नाही.

आणि आली की निवडून! चांगली आली. काकी म्हणाली, "माज्या घरातलीच मतं फुटली," आणि काकांकडं बघितलं. काका कौलं मोजत बसले होते.

पहिल्या मीटिंगला मी रोह्याहून गेले, खिडकीतून बघायला. आई आत गेली, खुर्चीपाशी थांबली, हातानं ती एकदा चाचपली, आणि बसली. पाठ टेकली नाही, नुसती ताठ बसून राहिली. आजचा विषय फक्त सरपंच निवडायचा, असं साहेबांनी सांगितलं. आई म्हणाली, "तुमचा आसंल. माजा पान्याचा हाय." आणि बोलली. सगळं बोलली. कुणी उठवलं नाही. खिडकीबाहेर मी ढसाढसा रडले, लाज कसली त्यात!

दुपारी जेवण. जिताडा आणला कुणी? काकीनं. भला थोरला, ताजा. ओट्यावर दणकन आदळून म्हणाली, "घे, गिळ एकदा. गावानं माजं डोकं खाल्लं." आईनं तिला पाट मांडला. मी नि वहिनीनं रांधलं. गडबडीत, आनंदात, ती समजली मी मीठ घातलं, मी समजले तिनं घातलं. पंगत बसली, पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. अळणी ठार! काकी बोलायला तोंड उघडणार एवढ्यात आई डोळे मिटून म्हणाली, "वा गो बाय! झकास जमलंय."

मला वाटलं, आमची लाज राखतेय. मी हळूच विचारलं, "आये, मीठ?"

"बेताचं हाय. नेमकं."

ती खात होती, मटामटा, आणि बोटं चाटत होती. मी उठले, चिमूटभर मीठ आणून तिच्या तळव्यावर ठेवलं. "चाट." तिनं चाटलं, पुन्हा चाटलं. माझ्याकडं बघितलं. "कालपासनं जरा सर्दी हाय," म्हणाली. काकीनं आपलं ताट उचललं आणि थेट अंगणात गेली.

आई तपासणीत पॉझिटिव्ह निघाली. अख्खी नवी पंचायत, साहेबासकट, आपापल्या घरात कोंडली गेली. गाव पोट धरून हसलं. मला हसू येत नव्हतं. त्या काळात माणसं चालत दवाखान्यात जायची आणि परत यायची नाहीत, आमच्याच वाडीनं दोन पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, ऑक्सिजन बघत राहा. मी रोह्याला गेले नाही. आई आतल्या खोलीत, मी दाराबाहेर, मधे बंद दार. ताप चढला होता. संध्याकाळी तिनं हाक मारली, "गो बाय!"

"काय आये? पानी पायजे?"

"नाय." खोकली. मग आवाज आला तो अगदी बारीक. "आता ही पन रद्द करतील का गो? कोरोना जाला म्हनून? मी बसले ती धरतील ना?"

आयुष्यभर कुणाला न भ्यालेली बाई, श्वास पुरत नाही, आणि विचारतेय काय! मला तिला मिठीत घ्यायचं होतं आणि एक दारही उघडता येत नव्हतं. मी म्हटलं, "नाय आये. बसलीस ती बसलीस. कोनाच्या बापाला रद्द करता यायची नाय."

"व्हय?"

"व्हय."

मग ती झोपली असावी. मी दाराला पाठ लावून बसून राहिले. वकिलांचा नंबर मोबाइलमध्ये होता, पण त्यांना फोन करून विचारायचा मला धीर झाला नाही.